वीरण्णाचं नाव

दिवस वर यायच्या आतच वीरण्णानं दोन्ही बैल ओढ्यात घातले आणि असे घासले की पवळ्याचं अंग वेचलेल्या कापसागत पांढरं निघालं. घरी आणून तो शिंगं रंगवायला बसला. दातांत जिभेचं टोक, बोटांना हिंगूळ. उमाबाई उंबऱ्यात पुरणपोळीची कणीक तिंबत होती, तिचे हात थांबले. साठीकडं निघालेला माणूस आज पोळ्याला पोरगा झाला होता.

कारगिलच्या लढाईत वीरण्णा तोफखान्यात होता. गोळा सुटताना कानावर हात धरायचे असतात म्हणे. पण त्यासाठी हात मोकळे पाहिजेत, आणि वीरण्णाच्या हातात तवर पुढचा गोळा असायचा. तिथून आला तो हातापायानं साबूत आला, कान तेवढे तिकडंच राहिले. पायच गेला असता तर गावाला दिसला असता. कान जागच्या जागी होते, मग गावानं त्याला नुसता ‘भैरा’ करून टाकलं. फौजेतून मिळालेलं ऐकायचं मशीन कानात घातलं की शिट्ट्या वाजायच्या, म्हणून ते देवळीत विभूतीच्या डबीशेजारी पडून होतं.

त्याच्याशी बोलायचं म्हणजे उमाबाईला ओरडावं लागायचं. आणि ओरडून माणूस कामाचंच बोलतं. लाईट आली, मोटर चालू करा, जेवून घ्या. जिवाचं बोलणं काही ओरडून होत नाही. एक लेक होती, तीही विष्णुपुरीला दिली. तेव्हापासून उमाबाईच्या मनातलं मनातच शिजून आटून जायचं.

सव्वीस जानेवारीला सरपंच सटवाजीनं भर सभेत सांगितलं होतं, औंदा पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी वीरण्णाची. उमाबाईनं घरी येऊन ओरडून सांगितलं, “पहिली जोडी तुमची! माईकवर नाव पुकारनार!”

“माझं?”

“मग कुनाचं!”

तो उठला. गोठ्यात गेला आणि लई वेळ हौशा बैलाच्या पाठीवरनं हात फिरवीत उभा राहिला. तेव्हापासून दोन्ही बैलांच्या पेंडीत त्यानं एक दिवस खाडा केला नव्हता.

शिंगं रंगवून होत आली तेवढ्यात सटवाजी दारात आला.

“वैनी, जरा अडचण झाली.”

वीरण्णानं त्याला बघितलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा हसून ओरडला, “या सरपंच! पोळी खाऊनच जायाचं आज!”

सटवाजीनं लांबूनच हात जोडले आणि उमाबाईकडं तोंड करून हळूच म्हणाला, “सत्यम येऊन राहिलाय. टीव्हीवर छक्के मारतो त्यो. लातूरला कार्यक्रम हाय त्येचा, तिथून इकडं येतो म्हनला. तवा पहिली जोडी त्येच्या हातानं काढू म्हन्लं. बैलं माझी देतो.”

“आन यांचं नाव?”

“घेऊ की पुढल्या साली. वीरण्णा कुठं पळून चाललेत का?”

“त्ये लेकरू गावात किती दिवस राहिलं, भाऊ?”

“जल्मला तर हितंच.”

“जल्मला आन सव्वा महिन्यात पुन्याला गेला. न्हाऊ म्याच घातलंय त्येला. ग्वाड लेकरू होतं, त्येला मी नाव ठेवत न्हाई. पर येशीतला मान चेंडूला कवापासून द्यायला लागलो आपुन?”

“त्येनं चेंडू मारला की सारा देश टाळ्या वाजवितो, वैनी.”

“हाव. हेन्नी मारलेलं कुनाला दिसलं न्हाई. डोंगराच्या पल्याड पडत होतं ते.”

सटवाजी पायानं माती उकरीत राहिला. “तुमीच सांगा त्येन्ला. मला ओरडून सांगायला कसंतरीच वाटतंय.”

तो गेला. वीरण्णानं भुवया उडवून विचारलं, “काय म्हनला?”

उमाबाईनं हात पुसले. हे ओरडून सांगायचं म्हणजे शेजारच्या चार घरांनी ऐकायचं. घरात लेकीच्या वेळची पाटी होती. तिनं ती घेतली आणि ‘आज तुमचं’ एवढं लिहिलं. पुढं हात चालेना. तिनं पदरानं अक्षरं पुसली आणि लिहिलं, ‘पोळी गरम हाय. खाऊन घ्या.’

त्यानं पाटी वाचली आणि खदाखदा हसला. “येवढं सांगाया पाटी? वासच सांगतोय की!”

मग त्यानं ट्रंकेतली पदकं काढून खादीच्या सदऱ्यावर लावली आणि तिच्यासमोर ताठ उभा राहिला. “सरळ हायेत का?”

सरळच होती. तरी उमाबाईनं बोटानं उगाच सारखी केली.

वेशीत बाया जात नव्हत्या, पण वीरण्णाला तिच्याशिवाय चालत नव्हतं. तिनं बाही ओढली की थांबायचं, सोडली की निघायचं, अशी दोघांची रीत. गर्दी आधीच जमलेली. बायकोला घेऊन आलाय भैरा, म्हणून कुणीतरी खिदळलं. हलगी कडकडत होती, पवळ्याच्या अंगावरची झूल थरथरत होती. वीरण्णानं जोडी तोरणासमोर नेऊन उभी केली. कुणी काही म्हणेना. मागून गाडीचा धुरळा आला आणि सगळं गाव तिकडं वळलं. मोबाईल वर झाले. सत्यम उतरला, गोरापान, ओठांवर मिसरूड. सटवाजीनं कासरा हातात दिला तो त्यानं दोन बोटांत धरला. बैलानं मान हलवली तसा तो गाडीला टेकला.

“बाजूला घ्या जरा जोडी, मामी,” कुणीतरी उमाबाईच्या कानाशी येऊन म्हणालं. ती हलली नाही.

तिकडं मंगलाष्टकं सुरू झाली. दरसालासारखं बैलांचं लगीन. वीरण्णाला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. त्याची नजर अक्षतांवर होती. अक्षता पडल्या की पहिली जोडी निघायची, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

शेवटचं ‘सावधान’ झालं. पिवळ्या ज्वारीच्या अक्षता बैलांच्या पाठीवर, त्याच्या पदकांवर पडल्या. त्यानं कासरा उचलला.

माईक खरखरला. “वीरण्णा, थांबा!”

उमाबाईच्या मुठीत त्याची बाही होती.

“ओ वीरण्णा! आवं थांबा की!”

सारी वेस तिच्याकडं बघत होती. नुसतं ओढायचं होतं. एवढ्या वर्षांत तिनं ओढल्यावर तो थांबला नाही असं कधी झालं नव्हतं.

“वीरण्णा!”

तिनं मूठ उघडली.

पवळ्या आणि हौशा रुबाबात निघाले. वीरण्णा मधोमध, छाती पुढं, पाय कवायतीच्या तालात. हौशाच्या शिंगात तोरण अडकलं, ताणलं आणि तटकन तुटलं. आंब्याची पानं खाली पडली. तेवढ्यात कुणीतरी टाळी वाजवली. सगळ्यांनी वळून बघितलं, तर कासरा काखेत धरून सत्यमच वाजवीत होता. पण ती एकट्याची टाळी. गावानं काही साथ दिली नाही. थोड्या वेळानं सगळे मोबाईल परत त्याच्याकडं वळले.

घरी उमाबाईनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. दारावर एरवी दहाजण जोड्या घेऊन पूजेला यायचे. आज कुणी आलं नाही. दिवस कलला, लांब सरपंचाच्या वाड्याकडं हलगी वाजत राहिली.

वीरण्णा गोठ्याच्या खांबाला टेकून बसला होता. पदकं अजून काढली नव्हती. एकाच्या कडेला ज्वारीचा दाणा अडकला होता.

“उमा,” त्यानं विचारलं. लई दिवसांनी त्याचा आवाज बारीक होता, जणू त्यालाही शेजाऱ्यांनी ऐकू नये असं वाटत होतं. “माईकवर माझं नाव पुकारलं का गं?”

तिनं मान डोलवली.

“खरं?”

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. ओरडायची गरज नव्हती. तिनं त्याच्या डोळ्यांपुढं तीन बोटं धरली.