फौजदाराचा नीट फोटो

नवरा घर सोडून गेला तेव्हा भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना निदान चघळायला तरी काही मिळालं असतं. दोघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवलं, कुठली भांडी कुणाची तेही ठरवलं, आणि एका सकाळी तो दोन बॅगा उचलून दुसऱ्या शहरात राहायला गेला. मागे राहिला पोपट. नव्या घरमालकाला घरात पशुपक्षी चालत नव्हते.

पोपटाचं नाव फौजदार. गळ्याला काळा-गुलाबी पट्टा, छाती पुढे. दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो गस्त घालायचा आणि मधेच थांबून मान वाकडी करून असा बघायचा, की समोरच्याने खिशातून ओळखपत्र काढून दाखवावं. नाव नवऱ्याचंच. दिवसभर त्याच्याशी बडबड करणाराही तोच, कारण नवऱ्याचं काम घरून चालायचं. ती मात्र सकाळीच रुग्णालयात जायची.

ती एक्स-रे काढायची. तळमजल्यावरच्या गार खोलीत माणसांना उभं करायचं, छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, खांदे पुढे. "श्वास घ्या... धरा..." पडद्याआड जाऊन बटण. "सोडा." नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिने हेच केलं. रडू आलं नाही. बरोबरच्या बायका म्हणाल्या, केवढी धीराची आहेस गं. धीरबिर काही नव्हता. भूल दिलेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी आणि दात आपलाच आहे की दुसऱ्याचा ते कळू नये, तसं चाललं होतं. घरी येऊन ती पोपटाचं पाणी बदलायची, वाटीत दाणे टाकायची, काहीतरी पोटात ढकलायची आणि आडवी व्हायची.

जाताना नवऱ्याने एकच गोष्ट मागितली होती. "दर रविवारी फौजदाराचा एक फोटो पाठवशील?"

"पाठवीन," ती म्हणाली. त्यात न पाठवण्यासारखं काय होतं?

पहिले फोटो तिने उभ्या उभ्या काढले. पिंजऱ्यासमोर फोन धरला, बटण दाबलं, पाठवून दिला. एका रविवारी नवऱ्याचा फोन आला.

"हा फौजदार आहे की भिंतीवर वाळत घातलेलं फडकं?"

"फौजदार आहे."

"गज दिसतायत, तो दिसत नाहीये. डोळा तर कुठे सापडतच नाही. जरा नीट काढ ना. तुझं कामच आहे ते."

राग यायला हवा होता, आला नाही. पण शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. रुग्णालयात रुग्ण हलला आणि चित्र धुरकट आलं, तर ती त्याला पुन्हा उभा करायची. खराब चित्र डॉक्टरांसमोर ठेवलं तर तिचा हात खराब ठरला असता. मग इथेच अशी कसली घिसाडघाई?

तिने काम हाती घेतलं ते कामासारखंच. आधी फ्लॅश बंद केला, कारण तो चमकला की फौजदार दचकून दांडीवरून घसरायचा आणि चित्रात त्याचे डोळे विजेरीसारखे पेटायचे. घराची भिंत पोपटी रंगाची, हौसेने लावलेली. तिच्यापुढे पोपट विरघळून जायचा. म्हणून मागे राखाडी चादर टांगली. गजांचं काय करायचं ते कळेना, तेव्हा पिंजऱ्याचं दार उघडून ठेवलं आणि खिडकीशेजारी रुंद पाठीची खुर्ची ठेवून तिच्या पाठीच्या कडेवर सूर्यफुलाच्या बिया मांडल्या. बाजूने येणारा उजेड पडद्यातून गाळून घेतला.

राहता राहिला फौजदार. रुग्णाला श्वास धरायला सांगता येतं, याला कोण सांगणार? फोन दिसला की तो पाठ फिरवायचा. मग तिने फोन त्याच्या समोरच पुस्तकांना टेकवून ठेवायला सुरुवात केली, नुसताच. तो येता-जाता त्याला चोच मारून बघू लागला, मग त्याला कंटाळला. ती जमिनीवर बसली, कारण वरून काढलं की त्याचं नुसतं टाळकं यायचं. त्याच्या डोळ्याच्या रेषेत आपला डोळा आणला की चित्र जिवंत वाटायचं. फोनवर दिसणाऱ्या त्याच्या डोळ्यावर बोट ठेवून ती फोकस धरायची आणि थांबून राहायची. गुडघे आखडायचे. दहा काढले की नऊ पुसायचे. त्या बसण्यात सुख नव्हतं, पण इतर ठिकाणी बसण्यातही नव्हतं.

एका रविवारी सकाळी जमलं. फौजदाराने बी उचलली, मान जराशी कलती केली, डाव्या पंखाखाली खाजवायला पाय वर नेला आणि क्षणभर तसाच थांबला. चित्र इतकं लख्ख आलं, की डोळ्यातल्या बुबुळात खिडकीची चौकट दिसत होती.

फोकस बरोबर आहे ना हे बघायला तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. डोळा ठीक. चोच ठीक. सवयीने ती खाली सरकत गेली, छातीचं चित्र तपासावं तशी, आणि पंखाखाली थांबली. तिथे पिसं नव्हती. बटणाएवढी राखाडी-गुलाबी कातडी, कडेला तुटलेले खुंट.

तिने मागचे फोटो काढून पाहिले. ते हललेले, धुरकट. पण आता कुठे बघायचं ते कळलं होतं. त्याच जागी प्रत्येकात एक करडा डाग होता. तिला तो हात हलल्याचा वाटला होता. रोज त्याचं पाणी बदलत होती ती, वीतभर अंतरावरून.

फोटो तिने तसाच पाठवला. लगेच फोन वाजला.

"हे काय झालंय त्याला?"

"पिसं उपटतोय."

"कोण?"

"तोच. स्वतःची."

मग नवऱ्याने हळू विचारलं, "माझ्यामुळे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. "डॉक्टरला दाखवते."

पक्ष्यांच्या डॉक्टरने फौजदाराला टॉवेलमध्ये गुंडाळून उलटंसुलटं केलं. पोपटाचं शिव्या दिल्यासारखं ओरडणं डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं.

"रोग नाही, किडा नाही," तो म्हणाला. "घरात याच्याशी बोलतं कोण?"

"आधी नवरा बोलायचा."

"आणि आता?"

"आता कोणी नाही."

"तुम्ही?"

"मी कामावरून येते, त्याचं पाणी बदलते, दाणे टाकते."

डॉक्टरने हात धुतले. "याला औषध लिहून देता येत नाही हो. याला माणसांचा गलबला हवा. दिवसभर मुक्या घरात राहिला तर तो असाच स्वतःला सोलत बसणार."

घरी परतल्यावर ती पिंजरा घेऊन जिन्यातच उभी राहिली. तळमजल्यावर शिवणकाकूंचं दुकान होतं. तीन मशिनी, कापडाचे ढीग, आणि मशिनींपेक्षा मोठ्याने चालणाऱ्या तीन जिभा. इतकी वर्षं ती त्या दारावरून मान हलवून वर जात आली होती.

"काकू, याला दिवसभर इथे ठेवला तर चालेल?"

काकूंनी चष्मा कपाळावर ढकलला. "हा कोण?"

"फौजदार."

"अगं बाई! मग तर लायसन दाखवावं लागेल. ठेव, ठेव. पण कापड कुरतडलं तर पिसं मीच उपटीन त्याची." मग त्यांना पंखाखालची उघडी कातडी दिसली आणि त्यांनी कापडाचा ढीग सारून पिंजऱ्याला जागा केली. "ठेव गं पोरी. इथे कोणी मुकं राहत नाही."

रोज सकाळी ती त्याला खाली सोडू लागली, संध्याकाळी न्यायला येऊ लागली. फौजदार लगेच काही सुधारला नाही. आधी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फुगून बसला. मग मशिनीच्या खडखडाटावर मान हलवू लागला, मग उसवलेल्या धाग्यांवर हक्क सांगू लागला. पंखाखाली बारीक निळसर कोंब आले, त्यांतले काही त्याने पुन्हा उपटले, काही राहिले. डॉक्टर म्हणाला, वेळ लागेल, आणि सगळी येतीलच असंही नाही.

नवऱ्याने एकदा विचारलं, "त्याला इकडे आणू का? घर बदलू शकतो मी."

तिने विचार केला. "आत्ता नको. आत्ता कुठे त्याला ओळखी झाल्यात."

"आणि तू?"

"मी ठीक." ते खरंही नव्हतं, खोटंही नव्हतं.

पुढच्या रविवारी दुकान बंद होतं, पण काकू राहिलेलं काम उरकत बसल्या होत्या. ती फौजदाराला घेऊन खाली गेली. तो मशिनीवर बसला तेव्हा फोटो काढला, दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरमधून येणाऱ्या उजेडात, डोळ्याच्या रेषेत. मागे काकूंचा हात आणि दातात धरलेला दोरा आला होता, ते तिने चित्रातून छाटलं नाही. फोटो पाठवला. नवऱ्याचं उत्तर आलं: छान आलाय. तिने वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

"त्याला घेऊन वर जातेस की काय एवढ्यात?" काकू म्हणाल्या. "बस की. हे टोक धर जरा, सरळ. सैल नको सोडूस."

ती स्टुलावर बसली आणि कापडाचं टोक धरलं. काकू कुणा गिऱ्हाइकाच्या फुगत चाललेल्या मापांबद्दल सांगत होत्या. ती ऐकत होती. हसू आलं नाही. उठावंसंही वाटलं नाही.