ओळीखाली धरलेली पट्टी

मी पट्टी बोलतेय. दुकानात मिळते ती वाकणारी, आरपार दिसणारी पट्टी नव्हे. मी फणसाच्या लाकडाची आहे, चांगली हातभर लांब. आमच्या बेटावर फणसाचं लाकूड पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी राखून ठेवतात. सुताराने एक देव्हारा केला, उरलेल्या फळीतून मला कापलं आणि शाळेला देऊन टाकलं. माझ्या बहिणींपुढे रोज उदबत्ती लागते आणि माझ्या वाट्याला खडूची धूळ आली. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

माझे पहिले मालक खिएम सर. नववीला भाषा शिकवायचे. ते मला टेबलावर आपटायचे आणि त्या ठेक्यावर अख्खा वर्ग एका सुरात वाचायचा. कोणी मागे पडलं की मी तळहातावर उतरायचे. घोकंपट्टीतली पट्टी ती मीच, असं खुशाल समजा.

सरांकडे प्रत्येक विषयाचा नमुना निबंध तयार असायचा. ते तो फळ्यावर उतरवत, मुलं तो पाठ करत आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहीत. ‘माझे वडील’ तर मलाही पाठ होता. ‘माझ्या वडिलांचे हात खरखरीत आहेत. रोज संध्याकाळी ते घरी येतात आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवतात.’ कुणाचा बाप सायगावला हमाली करायचा आणि फक्त नव्या वर्षाच्या, तेतच्या सणाला घरी यायचा, कुणाचा महिनोन्‌महिने बोटीवर असायचा. पण कागदावर सगळ्यांचे बाप संध्याकाळी घरी हजर.

सर वाईट नव्हते हो. बेटावरची शाळा नववीला संपते. पुढे शिकायचं तर प्रवेश परीक्षा देऊन समुद्रापलीकडच्या सरकारी शाळेत जागा मिळवायची, नाहीतर लसणाचे वाफे आहेतच. पाठ केलेल्या निबंधाला हमखास मार्क पडतात हे सरांनी उभा जन्म पाहिलं होतं.

त्याच वर्गात लुआ होती. ती तान्ही असताना तिचे वडील वादळात बोटीसकट गेले. देह मिळाला नाही. अशा माणसाचं आम्ही वाऱ्याचं थडगं करतो. डोंगरातली माती आणून तिचा माणूस घडवायचा, त्यात तुतीच्या फांद्यांची हाडं घालायची आणि तो पुरायचा. लुआच्या वडिलांचंही तसं थडगं आहे. तरी तिने लिहिलं, ‘रोज संध्याकाळी बाबा घरी येतात.’ सरांनी दहापैकी नऊ दिले. मी त्या कागदाशेजारीच पडले होते. मला फार वाईट वाटलं, पण पट्टीला कोण विचारतं?

तेतच्या सुट्टीनंतर सर निवृत्त झाले आणि दिएप बाई आल्या. मला त्यांच्या हातात देताना सर म्हणाले, “नवीन काय ते जरूर करा बाई, पण पोरांच्या वर्षाशी खेळू नका.”

बाईंनी मला कधी आपटलं नाही. त्यांनी तोच नमुना निबंध फळ्यावर लिहिला आणि मला एका ओळीखाली धरलं. “हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? तुमच्या घरी असं आहे का?”

मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “बाई, आमचे बाबा संध्याकाळी घरी येतात, पण कसे येतात ते लिहिण्यासारखं नसतं.”

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, “तेच लिही की.”

“आणि मार्क कोण देणार?”

मार्कांची हमी बाईंनी दिली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “दुसऱ्याचं वाचताना जे विचाराल ते स्वतःचं लिहिलेलं वाचतानाही विचारायचं. वाचता आलं नाही तर लिहिणं म्हणजे नुसतं उतरवून काढणं.” पुढचे आठवडे मी एकेका ओळीखाली थांबत गेले. मुलं आधी कंटाळली, मग आपसात भांडू लागली. ते भांडण ऐकायला मला आवडायचं.

लुआने ‘माझे वडील’ पुन्हा लिहिला. यात वाऱ्याचं थडगं होतं.

घरी हे कळलं तशी तिची आई वाफ्यातून तडक शाळेत आली, हाताला लसणाचा वास तसाच.

“बाई, तुमचं शिकवणं चांगलंच असेल. पण नऊ मार्कांचा निबंध पोरीला तोंडपाठ आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लावता? जागा गेली तर ती माझ्यासारखी लसूण सोलत बसेल. तुमचं काय जातंय?”

“माझं काहीच जात नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच मी जबरदस्ती करणार नाही. तिने काय लिहिलंय ते एकदा ऐका. मग तुम्ही सांगाल तसं.”

लुआ वाचू लागली. ओळ चुकू नये म्हणून तिने मला कागदावर धरलं होतं. ‘बाबांचा मातीचा देह पुरला तेव्हा आई थडग्यापाशी मूकपणे उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.’

“थांब,” आई म्हणाली. “हे तुला कुणी सांगितलं?”

लुआने ती ओळ पुन्हा वाचली. निबंधातल्या आया नेहमी मूकपणेच उभ्या असतात. कुणी सांगायची गरजच पडली नव्हती.

“मी तिथे नव्हतेच.” आई बाकावर बसली. “सगळा गाव थडग्यावर गेला. मी धक्क्यावर गेले, बोट येते का बघायला. मातीच्या बाहुल्याला नवरा म्हणायला मी तयार नव्हते. तुझ्या आजीने नंतर मला ओढत घरी आणलं. बोंबलून रडले मी. मूकपणे म्हणे.”

मग लुआने मला ती ओळ जिथे होती तिथे नीट ठेवलं आणि माझ्या कडेने ती खोडली.

“आई, हे परीक्षेत लिहू?”

“मार्क जातील.”

“जातील.”

आईने बाहीने डोळे पुसले. “मग लिही. पण मी तिथे नव्हते, हे लिही.”

लुआने तसंच लिहिलं. पाठ करून लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना तिच्याहून जास्त मार्क पडले. गणिताने तिला तारलं आणि पलीकडच्या शाळेत शेवटच्या जागांपैकी एक मिळाली. सर म्हणाले, नशीब. बाई मात्र निकालाच्या दिवसापर्यंत नीट जेवल्या नव्हत्या हे मला ठाऊक आहे.

आता माझ्यावरचे आकडे पुसट झालेत, एका टोकाला चीर गेली आहे. मोजायला मी कुचकामाची. ओळीखाली धरायला मात्र अजून चालते.

तुमच्या घरातही कुणी आई-वडिलांवर काही छान छान लिहीत असेल. ते वाचताना एखाद्या ओळीखाली बोट ठेवा. पट्टीच हवी असं नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला जाऊन विचारा, हे असंच होतं का. तो माणूस आहे तोवर विचारा.