कोंडाजीच्या बांधावरचा उंदीर

नथू कातकऱ्याची पोर जया चार महिन्यांची होती. ती ओठांपासून निळी पडत गेली आणि आठव्या दिवशी गेलीच. आई रंभाबाईच्या अंगावर दूध नव्हतं, म्हणून शेळीच्या दुधात डवऱ्याचं पाणी घालून पाजायचे. डवरा म्हणजे ओढ्याकाठी खणलेला खड्डा. कातकऱ्यांना गावच्या विहिरीवर कोण चढू देतंय? पाणी उकळून घ्यायचे, तेवढी हुशारी होती.

पुढं देवी टोचायला आलेल्या डॉक्टरनं डवऱ्यापाशी उभं राहून वर बोट केलं. वर कोंडाजी पाटलाचा खताचा खड्डा होता.

"खत झिरपतंय. मोठ्यांना सहसा पचतं, तान्ह्याचं रक्त नासतं. उकळलं की पाणी आटतं, खत आणखीच दाट होतं."

कोंडाजीला त्या साली जपानी पद्धतीच्या भातशेतीत तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याचा खड्डा त्याच्या घरापेक्षा मोठा होता आणि त्याला जास्त आवडायचा. नथू हात जोडून गेला.

"पाटील, खड्डा हलवा."

"खतानं कुणी मरतं व्हय रं नथ्या? माझं भात बघ, छातीला लागलंय. तुमी तर फुकटात खत पिताय. तुमची पोरं ताडावानी वाढाया पायजेत!"

गडी हसले. रीत म्हणून नथूही हसला. हसता हसताच त्यानं ठरवलं की जया खतानं मेली, हे ह्याच तोंडातून वदवून घ्यायचं. दुसरी भरपाई त्याला नको होती. कुणी देतही नव्हतं म्हणा.

कार्तिकात भात पिकलं आणि बांधात उंदीर माजले. उंदीर खणावेत कातकऱ्यानंच. त्याचा कायदा अख्ख्या कोळवण खोऱ्याला पाठ होता: बिळाला पहार लागली की उंदीर निघेस्तोवर मालकानं अडवायचं नाही. अर्धवट सोडलेला उंदीर शंभर होऊन परततो.

पहिल्या दिवशी नथूनं सहा उंदीर काढले. सातवा नव्हताच, पण फार हुशार निघाला. बांधातून सरळ गेला, दगडाखालून वळला आणि खताच्या खड्ड्याकडं चालू लागला. मागोमाग नथूचा कमरेएवढा चर.

"आरं, उंदीर काढतोस का आगगाडीचा बोगदा?" कोंडाजीनं विचारलं.

"शिकलेला दिसतोय, पाटील. जपानी आसंल."

चौथ्या दिवशी सकाळी रंभाबाई पाटलाच्या मागल्या दाराशी गेली. पाटलाची सून पाच महिन्यांच्या लेकाला घुटी उगाळत होती.

"सूनबाई, आजपास्नं हिरीचं पाणी तान्ह्याला दिऊ नका. सासऱ्याला पाजा, लागंल तेवढं."

दुपारी चर खड्ड्याला वळसा घालून पल्याडच्या भिंतीत शिरला. काळं पाणी वस्तीकडं न वळता त्या बाजूच्या उतारानं पाटलाच्या विहिरीकडं धावलं. सून लेकाला काखोटीला मारून उरवड्याला माहेरी गेली. निरोप ठेवला की खड्डा जाईल तेव्हा येईन.

कोंडाजी पळत आला.

"नथ्या, बुजव! खड्डाच उपसतो, पार टेकडीपल्याड नेतो!"

"का वं?"

"तान्हं पोर घरी माघारी आणायचंय!"

"मंग?"

"मंग काय... मरंल की!"

"कशानं?"

गड्यांचे हात थांबले. कोंडाजीनं चारी बाजूंना पाहिलं. कुठंच उंदीर नव्हता.

"खतानं," तो पुटपुटला. "तुजी मेली तशी."

नथू पहारीला टेकून उभा राहिला. ज्या वाक्यासाठी त्यानं एवढं रान उकरलं, ते मुठीत मावेल एवढंच निघालं. त्याची भूक भागली नाही.

"वस्तीला ऐकाय न्हाई गेलं. तिची आई हाय तितं. वर चढा."

बक्षीसवाला कोंडाजी धोतर सावरत खताच्या ढिगावर चढला आणि वस्तीकडं तेच ओरडला. डवऱ्यावरच्या बाया ताठ उभ्या राहिल्या. रंभाबाई खोपटाबाहेर आली. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, कमरेला खोचला.

कोंडाजी उतरायला लागला.

"थांबा," नथू म्हणाला. "आता गावाकडं तोंड करून. आन् नाव घिऊन. जया नाव हुतं तिचं."