शून्याखाली आठ

आमच्या वाहन तपासणी केंद्रात माझ्या मागे मला ‘शून्यबाई’ म्हणतात. म्हणू देत. धूरमापकाला आधी स्वच्छ हवा द्यायची, ही हवा म्हणजे शून्य हे त्याच्या गळी उतरवायचं आणि मगच गाडी आत घ्यायची. एवढा साधा नियम पाळायचं ज्यांच्या जिवावर येतं, त्यांना मी बारा वर्षं फैलावर घेत आले आहे. आणि त्या दिवशी सकाळी तो नियम मीच मोडला.

मुदतीचा शेवटचा दिवस होता. नव्या धोरणाप्रमाणे पंधरा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल बसचा धूर मापकावर पन्नासच्या आत हवा, नाहीतर बस त्याच दिवशी रस्त्यावरून बाद. त्यांच्या जागी विजेवरच्या बस येणार होत्या, पण त्या चालवण्याचं प्रशिक्षण पंचावन्न वर्षांच्या आतल्यांनाच. माझा दादा अठ्ठावन्नचा, त्याची शाळेची बस सतरा वर्षांची. बस बाद झाली की दादाही घरी बसणार, हे आम्हा दोघांना पाठ होतं.

दादा माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. आईवडिलांमागे त्यानेच मला वाढवलं. तंत्रनिकेतनाची तीन वर्षं मी याच बसच्या पुढच्या सीटवर बसून गेले, मुलांच्या डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. गंमत म्हणजे मर्यादा आधी पासष्ट होती. ती पन्नास करा, या काजळीने फुफ्फुसं तर जातातच, वर हवाही तापते, असं सहा पानी पत्र वरच्या कार्यालयाला लिहिणारी मीच. दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला होता की बरोबर लिहिलंय, फक्त जरा लांबण लावली आहे.

त्या सकाळी बोचरा वारा सुटला होता. दादा सगळ्यांच्या आधी येऊन फाटकाशी उभा होता, इंजिन चालू ठेवून. तापलेलं इंजिन धूर कमी सोडतं, हे चालकांना कोणी शिकवावं लागत नाही. त्याला दहा मिनिटं बाहेर थांबवून मी शून्य लावायला हवं होतं. पण गारठ्यात त्याचा गुडघा धरतो. मी बस चालू इंजिनासकट आत घेतली, शटर खाली ओढलं, आणि त्याच्या थर्मासमधला चहा घेत बोलता बोलता शून्याचं बटण दाबलं. मापकाची नळी तेव्हा खुंटीला टांगलेली होती, आणि खुंटी बसच्या धुराच्या नळकांड्यापासून हातभर अंतरावर.

आकडा आला त्रेचाळीस. मला नाचावंसं वाटलं. दादाने मात्र आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्रमाणपत्र घेऊन मुकाट्याने बस बाहेर काढली. मला वाटलं, आनंद लपवतोय.

पुस्तकाप्रमाणे प्रत्येक गाडीआधी शून्य लावायचं असतं. आम्ही सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा लावतो, नाहीतर रांग रस्त्यापर्यंत जाते. त्यामुळे पुढचे दोन टेम्पो सकाळच्याच शून्यावर झाले. मग एक कोरी करकरीत जीप आली आणि पडद्यावर आकडा उमटला, उणे आठ.

जीपचा मालक खूश झाला. मी नाही. शून्याहून स्वच्छ धूर जगात कोणत्याच गाडीचा नसतो. शून्यच धुरात लागलं होतं, आणि ते कुठल्या धुरात लागलं हे मला विचारावं लागलं नाही. त्रेचाळीस आणि आठ मी मनात तीनदा मिळवले. तीनदा एक्कावन्नच आले.

मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. पाचपर्यंत त्यांना पास-नापास गाड्यांची यादी वर पाठवायची होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नाही, तीच तर पंचाईत.

“मॅडम, प्रमाणपत्र दिलं, विषय संपला,” ते म्हणाले. “टेम्पो परत घ्या हवं तर. पण एका आकड्यासाठी भावाला घरी बसवणार आहात का?”

मला राग आला, पण साहेबांचा नाही. त्यांचं म्हणणं पटवून घ्यायला मी किती तयार होते, त्याचा आला. रोज त्या धुरात चाळीस मुलं उतरतात, हे मी पत्रात तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. मी बाहेर पडले.

दादा निघून गेला असेल, फोन करून बोलवावं लागेल, असं मनात घोकत मी आवारात आले. बस तिथेच भिंतीशी उभी होती. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, प्रमाणपत्र समोर चष्म्याच्या घराखाली दाबून ठेवलेलं. तासाभरापूर्वीच तो निघायला हवा होता.

“दादा, बस पुन्हा आत घे,” मी म्हणाले. “माझं शून्य चुकलंय.”

त्याने किल्ली फिरवली.

या वेळी मी शटर पार वर नेलं, पंखा लावला, नळी घेऊन दारात वाऱ्यात जाऊन उभी राहिले आणि शून्य लावलं. मग नळी त्याच्या बसला जोडली. या तपासणीत अ‍ॅक्सिलरेटर चालकानेच दाबायचा असतो, एका दमात, तळापर्यंत. काही जण पाय चोरतात. आकडा चार-पाचने उतरतो आणि कानाला सवय नसेल तर कळतही नाही. माझ्या कानाला कळतं, हे दादाला माहीत होतं. मला ऐकू आलं तरी मी बोलेन का, ते मात्र मला माहीत नव्हतं. आरशात त्याचे डोळे दिसत होते. मी मानेने ‘दाब’ अशी खूण केली.

इंजिन ओरडलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पाय तळापर्यंत गेला होता. एक्कावन्न. पुन्हा, तसाच. बावन्न. तिसऱ्यांदाही बावन्न. कागद छापायचं बटण माझ्याकडून दोनदा चुकलं.

दादाने इंजिन बंद केलं आणि गुडघा धरून खाली उतरला.

“सकाळी त्रेचाळीस बघितलं तेव्हाच खटकलं,” तो म्हणाला. “रोज आरशात हा धूर बघतो मी. मला वाटलं, माझ्यासाठी तू आकडा उतरवलास.”

मी नळी बसपासून सोडवू लागले.

“निघावं तर तुझ्या खोट्यावर मुलांना घेऊन फिरायचं, आणि आत येऊन बोलावं तर तुझी नोकरी जायची. पाय उचलेना, ठमे. तू बाहेर आलीस तेव्हा जीव भांड्यात पडला.”

मी असं करेन असं त्याला वाटलं, याचा मला संताप आला. आणि तसं वाटूनही तो तिथून हलला नाही, म्हणून सगळ्यांसमोर रडू फुटलं. जीपवाला उगाच टायरकडे बघत राहिला. दादाने शाळेत फोन करून दोन वाजता मुलांना आणायला दुसरी बस पाठवा असं सांगितलं, नापासच्या कागदावर चालकाच्या रकान्यात सही केली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. थर्मास मात्र तो विसरला नाही.

“ते तुझं सहा पानी पत्र घरीच आहे ना?” त्याने विचारलं. “आता सावकाश वाचतो.”

तो पायीच निघाला, वाऱ्यात, एक पाय ओढत. गारठा अडवायला माझा हात शटरकडे गेला होता, तो मी मागे घेतला. नळी उचलून पुन्हा दारात गेले, शून्य लावलं आणि जीपवाल्याला गाडी आत घ्यायला सांगितलं.