पाचवा बदाम

आमच्या बाळाचं नाव पोकरवर ठरवायची कल्पना धवलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. बारसं रविवारवर आलं होतं आणि त्याच्या दोघी बहिणी माघार घ्यायला तयार नव्हत्या. कर्जतहून आलेल्या थोरल्या लीनाताईंना ‘श्रीमंत’ हवं होतं. धाकट्या यामिनीला आजोबांचं ‘नृसिंह’. मला ‘ओम’ आवडत होतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

“मीही खेळणार,” मी म्हटलं.

सावेडीतल्या आमच्या हॉलमध्ये जेवणं उरकून सात जण चिंचोके वाटून बसलो. चहापर्यंत आम्ही तिघीच उरलो. धवल सगळ्यांत आधी बाद झाला होता, म्हणून पत्ते वाटायचं काम त्याच्याकडे आलं.

प्रत्येकीच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, आणि त्यांतून सर्वांत भारी पाच जुळवायचे. एकाच रंगाचे पाच जमले की हात भारी, आणि यामिनीचे चार बदाम झाले होते. पाचव्याच्या आशेवर तिने अख्खा ढीग पुढे लोटला. शेवटचा पत्ता किलवरचा निघाला.

“वकिलीतही अशीच तारखांवर जगतेस का गं?” लीनाताईंनी चिंचोके ओढत विचारलं.

यामिनी पाय आपटत चहा ठेवायला गेली.

पुढच्याच डावात माझेही चार बदाम झाले, आणि एकच पत्ता उघडायचा राहिला. ताईंनी मोठी मूठ पुढे सरकवली. मी हिशोब केला. न दिसलेल्या शेहेचाळीस पत्त्यांत नऊ बदाम, म्हणजे पाचांत जेमतेम एकदा जमणार. डावात राहायला ताईंएवढेच चिंचोके घालावे लागणार होते, आणि एवढ्या आशेसाठी ते फार होते. मी पत्ते खाली ठेवून डाव सोडला.

“घाबरली!” ताईंनी आपले पत्ते उलटून दाखवले. हातात काहीच नव्हतं.

“ताई, ती केमिस्ट्रीवाली आहे,” धवल म्हणाला. “थेंब थेंब टाकत बसेल.”

मग असंच चालू राहिलं. टेबलावर एका रंगाचे दोन पत्ते पडले आणि मी बोटांवर मोजू लागले, की ताई मूठ लोटायच्या आणि मी सोडून द्यायचे. त्यात माझं फारसं जात नव्हतं. जुळलेला हात आला की त्याहून जास्त परत यायचं. ताईंच्या मात्र फक्त माझी बोटं लक्षात राहिली होती. ते माझ्याही लक्षात आलं.

मग मला दोन राजे आले. टेबलावर तिसरा राजा पडला, आणि त्याच्या शेजारी दोन बदाम.

मी सुस्कारा सोडला आणि बोटांवर मोजायला लागले.

“मोज बाई, मोज,” लीनाताई म्हणाल्या. चौथा पत्ता किलवरची दुरी. त्यांनी दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे सारला. “बघू, बदामाची हौस किती आहे ते!”

“बरं,” मी म्हटलं आणि तेवढेच चिंचोके पुढे सारले.

धवलचा हात थांबला. यामिनी चहाची गाळणी हातात घेऊनच बाहेर आली. शेवटचा पत्ता उघडला: इस्पिकची दश्शी.

“नाही आला बदाम!” ताई उभ्याच राहिल्या. “माझी अठ्ठ्यांची जोडी आहे! श्रीमंत! नाव श्रीमंत!” त्यांचे हात चिंचोक्यांवर पोचलेसुद्धा.

“ताई, मला बदाम नकोच होता,” मी म्हटलं आणि दोन राजे टेबलावर ठेवले.

यामिनी इतकी हसली की गाळणीतला चोथा सतरंजीवर सांडला.

ताईंनी दोन्ही राजे उचलून नीट पाहिले. “मग बोटांवर काय मोजत होतीस?”

“तुमचे चिंचोके.”

एवढ्या गोंधळाने आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. मी उठायच्या आत ताई आत गेल्या आणि त्याला खांद्यावर घेऊन आल्या.

“काय झालं माझ्या शिरूला? कुणी उठवलं माझ्या शिरूला?”

“ताई, श्रीमंत नाही, ओम,” मी म्हटलं.

“तो बारशाच्या पत्रिकेवर. घरात काय हाक मारायची, त्यावर डाव झालाय का?”

झाला नव्हता. बाळ त्यांच्या खांद्यावर पहिल्याच हाकेला गप्प झालं होतं. धवल माझी नजर चुकवत पत्ते पिसू लागला.