कोंबडीचा गोग्रास

बंगळुरात कोरमंगलातल्या त्या घराच्या गच्चीवर तीन कोंबड्या होत्या आणि घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा तिघींचे चोचले जास्त होते. लाटे, मोका आणि बेगल. असली कॅफेतली नावं ठेवली की कोंबडीलाही वाटायला लागतं, आपण दाणे टिपायला जन्मलोच नाही. लाटेला चीज लागायचं, बेगलला ब्लूबेरी आणि मोकाला लोणी लावलेला टोस्ट, तोही कडा काढून. कड राहिली तर ती पायानं उडवून लावायची.

शालन हे दीड वर्ष बघत होती. ती निपाणीकडची, या घरात स्वयंपाकाला. सकाळी यायची, साडेअकराला सगळं झाकून जायची. पिल्लं आणली तेव्हा खोक्यात बल्बखाली तिनंच वाढवली होती. मालकीण अश्लेषाला पिल्लांचे फोटो काढता येत होते, शी काढता येत नव्हती.

मग मोका आजारी पडली. शेपूट खाली, डोळे मिटलेले. पोटात मऊ, कवच न धरलेलं अंडं अडकलं होतं. पक्ष्यांच्या डॉक्टरनं ते काढलं आणि अश्लेषाला झाडलं. "हिच्या पोटात नुसती चरबी आहे, मॅडम. आजपासून फक्त लेयर फीड, बाजूला शिंपल्यांचा चुरा आणि पाणी. बाकी सगळं बंद. पुन्हा अडकलं तर वाचेलच असं नाही."

लेयर फीड म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं रोजचं खाद्य. मका, सोयापेंड, कॅल्शियम, सगळं मापात दळलेलं. अश्लेषानं ते मागवलं, निळ्या चिनीमातीच्या वाडग्यात ओतलं आणि घरच्या ग्रुपवर 'नो ट्रीट्स' असं जाहीर केलं. घरी बसून ऑफिसातली पन्नास माणसं हाकणारी बाई, आणि घरातल्या चार माणसांना नोटीस लावून मोकळी!

कोंबड्यांनी मक्याचे कण तेवढे निवडून खाल्ले, भुकटी तशीच. शालननं भुकटी पाण्यात घट्ट कालवून ठेवली, म्हणजे निवडायला काही उरू नये. तरी तोंड लावेनात. असे आठ दिवस गेले, पण वजन एकीचंही उतरेना. उपाशी कोंबडी अशी डुलत चालते होय?

आठव्या दिवशी मोकानं पुन्हा मऊ अंडं घातलं. नशीब, आपलं आपण बाहेर पडलं. तळहातावर ते पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबत होतं. शालननं ते तसंच खाली नेऊन अश्लेषाला दाखवलं. पुढचं अडकलं म्हणजे संपलं.

"शालन, खरं सांग," अश्लेषा म्हणाली, "तू काही देतेस का त्यांना? मी रागावणार नाही."

"मी?" शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या ब्लूबेऱ्यांची चव माझ्या जिभंला ठावं न्हाई, कोंबडीला कुठनं घालू?"

"तसं नाही गं. किचन तुझ्याकडे असतं म्हणून विचारलं."

त्या दिवशी शालन साडेअकराला घरी गेली नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली. बाराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली आणि तिन्ही कोंबड्या पंख फडफडवत दाराकडं धावल्या. श्यामलाबाई आल्या. अश्लेषाच्या सासूबाई, दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या. हातात ताटली. वरणभात, त्यावर तूप, एक पुरी, शिऱ्याचा मुटका.

शालन उठली. "आजी, हे काय?"

श्यामलाबाई दचकल्या, पण ताटली सोडली नाही. "गोग्रास आहे. आमच्याकडे आधी गाईचा घास काढल्याशिवाय जेवत नाहीत."

"ह्या कोंबड्या हाईत."

"मला दिसतंय ते! इथे चांगली गाय कुठे मिळते? रस्त्यावरच्या कचरा खातात. मुक्या जिवाच्या मुखी घास गेला की झालं."

"डॉक्टरनं बंद केलंय न्हवं?"

"खाणं बंद केलंय. हे खाणं नाही, हा धर्म आहे."

"धर्माच्या तुपाचीबी चरबीच हुतीया, आजी. कोंबडीच्या पोटाला काय कळतंय, कुणाच्या नावानं घातलंय ते?"

आवाज ऐकून अश्लेषा वर आली. ताटली बघून तिला काडीचंही नवल वाटलं नाही. "हो, आई रोज देतात ना. पण ते आम्ही काउंटच केलं नव्हतं." मग सासूकडं वळून मऊ आवाजात, "आई, तूप थोडं कमी करूया का?" आणि शालनकडं वळून कडक आवाजात, "तू जरा हळू बोल."

शिकलेल्या माणसांचा न्याय. चूक मोठ्यांची, दटावणी कामवालीला.

"बरं," शालन म्हणाली. "गच्चीची किल्ली द्या. पंधरा दिवस माझ्याबिगर कुणी वर यायचं न्हाई. न्हाईतर उद्यापासनं चपात्या तुमच्या तुम्ही लाटा."

कोंबडी मरेल, या वाक्यानं आठ दिवसांत जे झालं नव्हतं, ते चपातीनं एका दमात केलं. किल्ली शालनच्या हातात आली.

"मग माझा गोग्रास?" श्यामलाबाई रडवेल्या झाल्या.

"गेटासमोर दुपारची एक गाय हुबी असती, तिला घाला. कचरा खाती म्हणून गाईला उपाशी ठेवायचं आणि टोस्ट खाती तिला घास भरवायचा व्हय?"

पहिले दोन दिवस कोंबड्यांनी गच्ची डोक्यावर घेतली. बेगलनं वाडगा उलटा केला, लाटेनं शालनच्या अंगठ्याला चोच मारली. मोका कोपऱ्यात फुगून बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्याखालची दाण्यांची पिशवी शालननं चाचपली, जवळजवळ रिकामी. ही हट्टानं मरते की काय? शालनच्या कापडी थैलीत तिची स्वतःची चपाती होती. तिनं तुकडा मोडला. मोकानं एक डोळा उघडला.

"न्हाई," शालन म्हणाली, आणि तो तुकडा स्वतःच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोका उठली, वाडग्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, एक चोच मारली, मान झटकली, पुन्हा मारली. मग थांबेचना. "खा, भवाने," शालन म्हणाली, "महाराणी झालीस व्हय गं?" आणि पदरानं डोळे पुसले.

बाराव्या दिवशी मोकानं अंडं घातलं. शालननं ते बोटानं वाजवून बघितलं. टणक. बातमी जिन्यातून खाली गेली आणि पाच मिनिटांत अश्लेषा गच्चीच्या बंद दाराबाहेर हजर झाली.

"शालन, उघड ना! छोटासा एक व्हिडिओ घेते. लोकांना सांगायचंय, आम्ही कसं केलं ते. आणि मोकाला बक्षीस म्हणून चीज आणलंय, एकच तुकडा!"

आत तीन चोची वाडग्यावर टकटक वाजत होत्या.

"तुम्हीच खावा ते," शालन आतून म्हणाली. "त्या जेवायल्यात."