नवरदेवाचं अजून राहिलंय

बर्फाच्या कारखान्याचं कलादालन झालं त्याला चार वर्षं होऊन गेली होती, तरी महिन्यातून एखादा माणूस बादली घेऊन यायचाच. "बर्फ बंद झाला, आता इथं फोटो असतात," असं लायब्ररीबाई त्याला हळू आवाजात सांगायच्या आणि आलाच आहे तर आत एक चक्कर मारायला लावायच्या. बाई तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात होत्या. तिथून निवृत्त झाल्या आणि वस्तीतल्या लोकांना गोळा करून त्यांनी हे दालन उभं केलं. कधी कचरा वेचणाऱ्या बायकांवरचा माहितीपट, कधी बंद पडलेल्या काचकारखान्यातल्या कामगारांचे फोटो. तिकीट नाही, चहा फुकट. चहामुळे गर्दी बरी असायची.

यंदाच्या प्रदर्शनाचं नाव होतं 'आपल्यातलेच'. फोटोवाल्या मुलीनं सहा महिने वस्तीत फिरून चपला शिवणारे, कपडे इस्त्री करणारे, घड्याळं दुरुस्त करणारे अशा सगळ्यांचे काळेपांढरे फोटो काढले होते आणि ते माणसापेक्षा मोठे करून टांगले होते. उद्घाटनाला सलूनवाले आपल्या बायकोला घेऊन, नवा शर्ट घालून गेले. आपला फोटो कुठं आहे ते शोधत शोधत दोघं दालनाच्या टोकाला पोचले, आणि सलूनवाले जागीच थांबले.

शेवटच्या भिंतीवर एकटा त्यांचाच फोटो होता. स्वतःच्या सलूनमधल्या खुर्चीत ते बसलेले. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या, आरशात आणखी दोन. खाली पाटी होती: 'वाट. काळ पुढे निघून गेला, खुर्च्या रिकाम्या राहिल्या. न येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहता पाहता डोळा लागलेला एक कारागीर.'

फोटोसमोर सात-आठ माणसं उभी राहून चुकचुकत होती. एका बाईंनी पदरानं डोळे टिपले.

"अहो," बायको अगदी हलक्या आवाजात म्हणाली. ती शाळेची बस चालवायची. चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारा तिचा आवाज एवढा हलका होऊ शकतो हे त्यांना चौदा वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. "मला का नाही सांगितलंत?"

सलूनवाले पाटी पुन्हा वाचायला लागले. कारण खरं सांगायचं तर मग त्या सोमवारचं सगळंच सांगावं लागलं असतं.

तो सोमवार असा होता. सोमवारी सलूनला सुट्टी. घरी पाहुणे म्हणून साडू आलेले, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गुडघा दाखवायला आठ दिवस मुक्कामाला. माणूस सज्जन, खाण्यापिण्याची कटकट नाही, उलट सकाळी स्वतःची चादर स्वतः घडी करून ठेवायचे. एकच खोड. ते रस्ते सांगायचे. कुठून कुठं कसं गेलो, कुठं वळलो, कुठं वळायला हवं होतं. "तिथं पेट्रोलपंप लागतो. पंपाच्या आधी वळायचं नाही. लोक पंपाच्या आधी वळतात." मग थोडं थांबून, "तिथंच चुकतात." रविवारी रात्री झोपताना सलूनवाल्यांना आपण तीनशे किलोमीटर चालून आल्यासारखं वाटत होतं. सोमवारी सकाळी उठल्या उठल्या त्यांनी बायकोला थाप मारली, की एका लग्नाचं वऱ्हाड आहे, अकरा जण आहेत, खास दुकान उघडायला सांगितलंय. गेले, शटर अर्धं वर केलं, आपल्याच खुर्चीत बसले आणि पाच वाजेपर्यंत लहान मुलासारखे झोपले.

फोटोवाल्या मुलीला त्यांनी आठवड्याआधीच सांगून ठेवलं होतं, "कधीही ये बेटा, विचारायचं काय त्यात!" ती नेमकी त्या दिवशी आली होती.

आता दालनात बायको त्यांच्याकडे असं बघत होती, जसं लग्न ठरलं तेव्हाही बघितलं नव्हतं. सलूनवाल्यांनी ठरवलं, घरी गेल्यावर सांगू. पण घरी तिनं त्यांच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत जाऊन रविवारच्या सहलींच्या जादा फेऱ्या मागून घेतल्या. "तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली, "मला सगळं कळलंय." तिला काहीच कळलेलं नव्हतं, पण एवढ्या मायेनं बोलणाऱ्या बायकोला थांबवायला जो धीर लागतो तो त्यांच्याकडे नव्हता.

आणि मग गिऱ्हाइकं यायला लागली.

आधी प्रदर्शन बघून हळहळलेले चार कॉलेजातले तरुण आले. मग एक पूर्ण कुटुंब आलं. मग टक्कल असलेले एक गृहस्थ आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जे आहे ते कापा." कानामागचे पाच-सहा केस सलूनवाल्यांनी अर्धा तास पुरवून पुरवून कापले. लोक यायचे, रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघायचे, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. ते हसले की लोकांचा हिरमोड व्हायचा. म्हणून त्यांनी हसणं कमी केलं. एकदा शेजारच्या चहावाल्यानं विनोद सांगितला तेव्हा हसू आवरायला त्यांना मागच्या नळाशी जाऊन उभं राहावं लागलं, आणि खुर्चीतल्या बाईंना वाटलं, रडायला गेले.

खरं तर एवढी डोकी हाताखालून जायला लागल्यावर त्यांचे खांदे भरून यायचे. आता मात्र त्यांना खरोखरच एखादी दुपार रिकामी हवी होती.

अशात फोटोवाली मुलगी सांगायला आली, की तिनं त्यांच्यावर वीस मिनिटांचा माहितीपट केलाय. त्या दिवशी फोटोबरोबर थोडं चित्रीकरणही केलं होतं, ते वापरू ना? सलूनवाल्यांना वाटलं, झोपलेल्या माणसाचं काय चित्रीकरण असणार. "वापर की," ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी दालन गच्च भरलं. पहिल्या रांगेत सलूनवाले, त्यांच्या डाव्या हाताला बायको आणि उजव्या हाताला साडू. गुडघा परत दाखवायला ते नेमके कालच आले होते. लायब्ररीबाईंनी कुजबुजत प्रास्ताविक केलं, कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि दिवे मालवले.

चित्रपट छान होता. कात्री, कंगवा, साबणाचा फेस, आरशावरचा डाग. टक्कलवाले गृहस्थही दोन वाक्यं बोलून गेले. आणि मग पडद्यावर अर्धं शटर आलं, काचेपलीकडे सलूनवाले आले आणि त्यांच्या कानाला फोन लागला.

सलूनवाले खुर्चीत सरळ झाले. त्या सोमवारी दुपारी बायकोचा जेवायला बोलवायला फोन आला होता, हे ते पार विसरून गेले होते.

"अगं कुठलं जेवण!" पडद्यावरचे सलूनवाले रिकाम्या दुकानात ओरडत होते. "अकरा जण आहेत! आत्ता कुठं सातवा चालू आहे. नवरदेवाचं अजून राहिलंय!" त्यांनी कात्री उचलली आणि फोनजवळ धरून हवेतल्या हवेत कचकच वाजवली. मग रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "मामा, मान जरा खाली करा." मग परत फोनमध्ये, "नवरदेवाचे मामा गं. कलप लावायचा म्हणतायत. ठेवतो."

यावर फोटोवाल्या मुलीचा भरून आलेला आवाज ऐकू आला: "घरच्यांना काळजी नको म्हणून हा माणूस रोज असं खोटं बोलतो. रिकाम्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाशी तो बोलत राहतो. त्याचा स्वाभिमान त्याला हरू देत नाही."

दालनात हुंदके फुटले. मागं कुणीतरी नाक शिंकरलं. सलूनवाल्यांनी डावीकडे बघायची हिंमत केली नाही, पण डावीकडची खुर्ची हलत होती. रडतेय का? बहुतेक रडत असावी. रडतच असू दे, त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. लायब्ररीबाईंनी सलूनवाल्यांना पुढं बोलावून मुलीशेजारी उभं केलं आणि म्हणाल्या, "कुणाला प्रश्न असतील तर हळू आवाजात विचारा."

बायको उठली. माइक तिच्याकडे येत होता तो तिनं हातानंच परत पाठवला. तिला कधीच लागत नाही.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, आणि मागच्या रांगेतल्या माणसानंसुद्धा पाठ ताठ केली. "नवरदेवाचं झालं का नंतर?"

लोकांना कळेना हसायचं की काय करायचं. फोटोवाली मुलगी म्हणाली, "ताई, नवरदेव नव्हताच. तीच तर शोकांतिका आहे."

"ते कळलं गं बाई. पण त्या दिवशी सोमवार होता. सोमवारी यांच्या दुकानाला सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक कुठून येणार?"

दालनात अशी शांतता पसरली, की लायब्ररीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणाला गप्प करावं लागलं नाही. मुलगी सलूनवाल्यांकडे बघत होती, लोक सलूनवाल्यांकडे बघत होते, आणि बाकी सगळ्यांच्या वर भिंतीवरचे सलूनवाले डोळे मिटून पडले होते. भिंतीवरच्या सलूनवाल्यांचा उभ्या सलूनवाल्यांना फार हेवा वाटला.

"मी झोपलो होतो," शेवटी ते म्हणाले. "वाटबिट काही बघत नव्हतो. धंदा माझा बरा चालतो, देवाच्या दयेनं. घरी एक पाहुणे आले होते. ते फार बोलतात. म्हणून वऱ्हाडाचं खोटं सांगून दुकानात येऊन झोपलो. माफ करा सगळ्यांनी."

आधी टक्कलवाले गृहस्थ हसले. मग चहावाला. मग अख्खं दालन असं हसायला लागलं, की डोळे टिपणाऱ्या बाईंना परत डोळे टिपावे लागले. आणि त्या गोंधळात पहिल्या रांगेतून एक हात वर झाला. साडूंचा.

सलूनवाल्यांना एकदम भान आलं. हे काय करून बसलो आपण! भर सभेत, घरच्या माणसाला!

साडू गुडघा सांभाळत उठले. "आज इथं येताना आम्ही पाण्याच्या टाकीवरून आलो," ते म्हणाले. "टाकीवरून यायला नको होतं. मागच्या अंगानं आलो असतो तर सात मिनिटं वाचली असती. असो. माझा प्रश्न असा, की हा पाहुणा कोण?"

लायब्ररीबाईंनी साडूंशेजारी बसून कार्यक्रमाआधी चहा घेतला होता. त्यांनी हातातल्या कागदांत तोंड लपवलं.

"म्हणजे नाव नको," साडू पुढं म्हणाले, "पण अशा माणसाला तोंडावर सांगावं. लोक उगाच भिडेला बळी पडतात. माझंच बघा. मला कुणी बोअर केलं तर मी सरळ सांगतो, बाबा रे, थोडक्यात आटप."

"बरोबर आहे तुमचं, साडूभाऊ," सलूनवाले कसेबसे म्हणाले. "पुढच्या वेळी सांगेन."

"सांगाच," साडू म्हणाले आणि समाधानानं खाली बसले.

घरी जाताना साडू चार पावलं पुढं होते, जवळचा रस्ता दाखवत. मागून सलूनवाले आणि बायको. कोपऱ्यावर आल्यावर सलूनवाल्यांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. "तुझ्या बहिणीचे यजमान. तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"बहिणीचे यजमान आहेत, माझे नाहीत!" ती दबक्या आवाजात फुटली. "मला एकटीला टाकून पळालात तुम्ही! तो पेट्रोलपंप मी त्या दिवशी तीन वेळा ऐकला. तीन वेळा! मला सांगितलं असतंत तर मीही आले असते. तीन खुर्च्या आहेत ना दुकानात?"

"आहेत," सलूनवाले म्हणाले.

"आणि मी इथं जीव तोडून पाच रविवार दुसऱ्यांची पोरं सहलीला नेतेय. पाच!" मग ती थांबली, आणि तिचे खांदे परत तसेच हलायला लागले, दालनात हलत होते तसे. "मामा, मान खाली करा म्हणे," ती म्हणाली, आणि तिला भिंतीला हात टेकून उभं राहावं लागलं. पुढून साडूंनी विचारलं, काय झालं? दोघंही म्हणाले, काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलूनवाले दालनात गेले तेव्हा फोटोवाली मुलगी त्यांच्या फोटोखालची पाटी काढत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "मी मनानंच सगळं लिहून टाकलं."

"विचारलं असतंस तरी मी खोटंच सांगितलं असतं," सलूनवाले म्हणाले. "पोटभर. वर मामाचं नावही सांगितलं असतं."

मुलगी पहिल्यांदा हसली. तिनं कोरी पाटी आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच विचार करून लिहिलं: 'सुट्टीचा दिवस. उठवू नये.' मग तिनं आणखी कोऱ्या पाट्या आणि पेन घेऊन चपला शिवणाऱ्यांकडे, इस्त्रीवाल्यांकडे, घड्याळवाल्यांकडे एकेक चक्कर मारली. 'नियतीशी झुंजणारा' अशी पाटी असलेल्या घड्याळवाल्यांनी लिहिलं, की त्या वेळी डोळ्यात कुसळ गेलं होतं. प्रदर्शन दोन आठवडे वाढवावं लागलं.

सलूनवाल्यांना शिक्षा झाली ती घरी. पाच रविवार बायकोनं घातले होते, आता पुढचे पाच रविवार त्यांनी तिच्या बसमध्ये मदतनीस म्हणून जायचं. पोरं मोजायची, खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्यांना आत घ्यायचं, आणि कुणाला मळमळलं तर पिशवी घेऊन धावायचं. पहिल्याच रविवारी अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं, की पोरांच्या केसांत च्युइंगम अडकतं आणि ते काढायला बसमध्ये त्यांच्याइतका लायक माणूस नाही. तीन पोरं रांगेत उभी राहिली. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि पहिल्याची हनुवटी वर केली.

"मागं कोण उभं आहे?" ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला. "बस चालू असताना कुणी उभं राहायचं नाही!"

तिन्ही पोरं बसली. सलूनवालेही बसले.